अध्याय १६ आणि चौथी रांग

॥ श्री स्वामी समर्थ ॥

आजचं चिंतन : श्रीगुरुचरित्र, अध्याय १६

मंडळी, दत्तजयंतीचा सप्ताह पार पडला. सप्ताहात दुसऱ्या दिवशी दहा ते एकवीस अध्याय येतात, त्यामुळे सोळावा त्याच दिवशी वाचून झाला होता. पण त्यावर लिहिणं मी मुद्दाम मागे ठेवलं. डोकं तापलेलं होतं आणि तापलेल्या डोक्याने पोथीवर लिहू नये असं आमचे अण्णा म्हणतात.

खरं सांगायचं तर दरवर्षी सोळाव्यात माझी जीभ पुढे धावायची. आरुणी आणि शेताचा बांध, उपमन्यू आणि विहीर. या गोष्टी मराठी शाळेत ऐकलेल्या, पाठच झालेल्या. या वर्षी मात्र मी धौम्य ऋषींपर्यंत पोचलोच नाही. त्याच्या आधीच, अध्यायाच्या सुरुवातीलाच अडकलो.

प्रसंग असा आहे. श्रीगुरूंनी बाकीच्या शिष्यांना तीर्थयात्रेला पाठवलंय आणि स्वतः परळी वैजनाथला गुप्तपणे राहिलेत. तिथे एक ब्राह्मण येतो. हा आपल्या गुरूला सोडून आलाय. का? तर गुरू कठोर बोलतात, कामं सांगतात, पण वेद नाही, तर्क नाही, भाष्य नाही, ज्यासाठी आलो ते काहीच शिकवत नाहीत. मन विटलं, म्हणून निघालो. श्रीगुरू त्याची समजूत काढत नाहीत. चांगलंच फैलावर घेतात. गुरूची निंदा करत इथवर आलास, तुला ज्ञान कसं मिळणार, असा रोख. आणि मग धौम्यांच्या तीन शिष्यांची गोष्ट सांगतात.

मी पोथी उघडी ठेवून नुसता बसून राहिलो. कारण गेला महिनाभर मीही तेच गाऱ्हाणं घेऊन फिरत होतो. माझा विषय वेदांचा नव्हता, सकाळी सहाच्या व्यायामाच्या क्लासचा होता. हसू नका.

जरा मागचं सांगतो. इंजिनिअरिंगनंतर बरीच वर्षं पुण्यात काढली. दोन वर्षांपूर्वी अण्णांचं बायपास झालं तेव्हापासून मी अक्कलकोटला घरूनच काम करतो. वटवृक्ष मंदिर चालत दहा मिनिटांवर, पहाटेच्या काकड आरतीचा आवाज वारा असेल तर घरात येतो. सगळं छान. फक्त दिवसाचे दहा तास खुर्चीत. पाठीने बंड केलं, डॉक्टरांनी एक्स-रे बघितला आणि म्हणाले, गोळ्या पंधरा दिवस देतो, पण खरं औषध म्हणजे पाठीचे आणि पोटाचे स्नायू मजबूत करणं. म्हणून क्लास लावला.

क्लास गावातल्या एका हॉलमध्ये. ३२ जण. पुढे पोलीस भरतीची तयारी करणारी पोरं: १६०० मीटर धावणं, गोळाफेक, मार्कांची गणितं तोंडपाठ, अंगात नुसती वीज. उजवीकडे खुर्च्या घेऊन साठीच्या पुढची मंडळी, कुणाचा गुडघा, कुणाचं ब्लडप्रेशर. आणि मध्ये आम्ही. ना भरती, ना गुडघा. शिकवणारे सर तालमीतले, आवाज खणखणीत. आकडे पाचपर्यंत कानडीत म्हणतात आणि पुढे मराठीत: ओंदु, एरडु, मूरु, नाल्कु, ऐदु, सहा, सात. (अक्कलकोटकरांना यात काही विशेष वाटणार नाही. पुण्याहून आलेल्या माझ्या मित्राला मात्र दोन दिवस हसू आवरेना.)

सर पुढच्या पोरांवर जीव टाकायचे. कोपर बाहेर जातंय, श्वास रोखू नको, छाती उघड. मग उजवीकडे जायचे: मावशी, एवढंच करा, जास्त वाकू नका, खुर्ची धरा. आणि त्या दोन टोकांच्या मध्ये, चौथ्या रांगेत, मी. पहिल्या आठवड्यात वाटलं, नवीन आहे, येतील. दुसऱ्या आठवड्यात मी मुद्दाम एकदा चूक केली, हात उलटे नेले. काही नाही. चौतीस वर्षांचा बाप्या, आणि शाळेतल्या पोरासारखं "सर, माझ्याकडे बघा ना" असं मनात चाललंय. कुणाला सांगायची पण लाज.

तिसऱ्या आठवड्यात सूर्यनमस्कारात पुढे वाकताना कमरेत कळ आली. म्हणजे अशी की श्वासच अडकला. मी तिथेच खाली बसलो. सर सहा फुटांवर होते, एका पोराचे खांदे सरळ करत होते. वळले. त्यांची नजर माझ्यावरून गेली. आणि पुढे गेली.

बाकी दुखणं तीन दिवसांत कमी झालं. ती नजर मात्र गेली नाही. दुसऱ्या दिवसापासून मी क्लासला गेलो नाही, आणि जो भेटेल त्याला सांगत सुटलो की पैसे घेतात आणि बघतही नाहीत. आता कळलं ना, वैजनाथच्या त्या ब्राह्मणाने मला का पकडून ठेवलं?

माझी पहिली प्रतिक्रिया भक्ताला शोभणारी नव्हती. राग आला. मी म्हटलं, हे बरं आहे! शिकवणाऱ्याने शिकवायचं नाही, आणि विद्यार्थ्याने तोंड उघडलं की तो निंदक. आपल्याकडे या अध्यायाचा असा वापर होतो हे आपण सगळ्यांनी पाहिलंय. कुणी बाबा-बुवा पैशाला किंवा त्याहून वाईट गोष्टीला हात घालतो आणि कुणी बोललं की त्याच्या तोंडावर गुरुनिंदेचं पाप फेकतो. मोक्षाचा मार्ग दाखवणारा सद्गुरू आणि महिन्याची फी घेऊन कवायत घेणारा माणूस या दोघांना एकच नियम लावायचा नसतो. पाठ दुखावली तर ती गुरुकृपा समजून सोसायची नसते, सांगायची असते. हे माझं मत होतं आणि अजूनही आहे.

पण रागातच पुढे वाचत गेलो आणि सवयीप्रमाणे मूळ गोष्ट शोधली. (बग कुठून आला ते बघितल्याशिवाय झोप लागत नाही, हा धंद्याचा दोष.) ही कथा महाभारताच्या आदिपर्वात आहे, पौष्यपर्वात. तिथे आरुणीच्या गोष्टीत एक बारीकशी जागा आहे जी मला कुणी शाळेत सांगितली नव्हती. धौम्य आरुणीला शेताचा फुटलेला बांध अडवायला पाठवतात. माती राहत नाही, तेव्हा तो स्वतःच त्या भगदाडात आडवा पडतो. हे आपल्याला माहीत आहे. पुढे काय होतं? बऱ्याच वेळाने धौम्य बाकीच्या शिष्यांना विचारतात, तो पांचालचा आरुणी कुठे गेला? आणि शिष्य सांगतात, महाराज, आपणच तर त्याला बांध घालायला पाठवलंत.

थांबा इथे. गुरू विसरले होते. एक पोरगं चिखलात, थंड पाण्यात पाठ लावून पडलंय, आणि ज्यांनी पाठवलं त्यांच्या ध्यानातच नाही. महाभारताने हे झाकलेलं नाही, सरळ लिहून ठेवलंय. आणि त्यानंतरचं वाक्यही तितकंच सरळ आहे: मग आपण सगळे तिथे जाऊ या. धौम्य जातात, हाका मारतात, आणि आवाज ऐकून आरुणी उठून येतो. त्याला उद्दालक हे नाव तिथे मिळतं.

मी आजवर या गोष्टीत फक्त आरुणीचं सोसणं वाचलं होतं. शोधायला जाणारा म्हातारा मला दिसलाच नव्हता.

उपमन्यूचं तर उलटंच. त्याच्याकडे धौम्यांचं फार बारीक लक्ष आहे, इतकं की वाचताना गुदमरायला होतं. बाळा, तू धष्टपुष्ट दिसतोस, खातोस काय? भिक्षा? ती मला दे. तरी अंगाने तसाच? गाईंचं दूध? ते पिऊ नकोस. वासरांच्या तोंडचा फेस? तोही नको. शेवटी पोरगं भुकेने रुईची पानं खातं, आंधळं होतं, विहिरीत पडतं. आणि पुन्हा संध्याकाळी तो आला नाही हे गुरूंच्या लक्षात येतं, रानात हाका मारत जातात, आणि अश्विनीकुमारांची स्तुती करायला सांगतात. म्हणजे ज्याच्याकडे सगळ्यात जास्त लक्ष, त्याची परीक्षाही सगळ्यात जीवघेणी. पुढच्या रांगेतल्या पोरांचा हेवा करणाऱ्या मला हे जरा लागलं.

आणि तिसरा. गुरुचरित्रात बैद, महाभारतात वेद. आपल्या पोथीत त्याची गोष्ट अशी की गुरूंनी शेत राखायला सांगितलं, पीक घरी आणायला एक गाडी दिली आणि रेडा एकच. दुसऱ्या बाजूला जोखडात त्याने स्वतःची मान घातली. महाभारतात तर एवढाही प्रसंग नाही. तो खूप काळ गुरुघरी राहिला, बैलासारखा ओझ्याला जुंपलेला असायचा, ऊन, थंडी, भूक, तहान सोसली, कधी उलट बोलला नाही, आणि बऱ्याच काळाने गुरू प्रसन्न झाले. संपलं. ना बांध, ना विहीर, ना "कुठे गेला रे तो" अशी हाक. तिघांतला हा चौथ्या रांगेतला माणूस. कीर्तनातही आरुणी आणि उपमन्यू रंगवतात, बैद दोन मिनिटांत उरकतो. माझ्याही वाचनात तो दरवर्षी उरकलाच जायचा.

पण पुढचं वाचा. हा वेद मोठा होऊन स्वतः आचार्य झाला. त्याचेही तीन शिष्य झाले, त्यांत उत्तंक एक. आणि महाभारत सांगतं की हा आपल्या शिष्यांना कामाला लावत नसे, सेवा करा असं म्हणत नसे, कारण गुरुघरी राहण्याचं दुःख त्याला माहीत होतं.

हे वाचून मी पोथी मिटली. पुढचे पाच अध्याय त्या दिवशी संध्याकाळी पूर्ण केले, तेही कसेबसे.

रात्री अण्णांशी बोललो. अण्णा जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक होते, त्यातली पंधरा-एक वर्षं दोनशिक्षकी शाळेत. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: पहिली ते चौथी, चार वर्ग, मास्तर दोन. म्हणजे एका खोलीत पहिली आणि दुसरी, दुसऱ्या खोलीत तिसरी आणि चौथी, आणि दोघांतला एक पंचायत समितीच्या मीटिंगला गेला की चारही वर्ग एकाच्या गळ्यात. घरी कानडी बोलणारी पोरं, मराठी पुस्तक. मी म्हटलं, अण्णा, तुम्ही कसं करत होता?

"कसं म्हणजे? जो ओरडेल त्याच्याकडं बघायचं."

मला वाटलं गंमत करताहेत. पण ते गंभीर होते. म्हणाले, "हुशार पोरगं हात वर करतंय. कच्चं पोरगं रडतंय, नाहीतर मारामारी करतंय. दोघांकडं लक्ष जातंयच. मधलं असतंय ते वहीत डोकं घालून बसतंय. फळ्यावरचं उतरवून घेतंय, बरोबर असेल चूक असेल, गप. आपल्याला वाटतंय, याचं बरं चाललंय." मग थोडं थांबले. "एका वर्षी निकालपत्रक लिहीत होतो. एका पोराचं नाव समोर आलं आणि मला त्याचा चेहराच आठवेना. वर्षभर माझ्यासमोर बसलेलं पोरगं. हजेरी बघितली, एक दिवस गैरहजर नाही. चेहरा आठवेना."

"मग?"

"मग काय. सही केली. पुढच्या वर्षीपासून एक केलं. रोज शाळा सुटताना पाटी तपासायची ती मधल्या ओळीपासून सुरू करायची."

अण्णा झोपायला गेले. मी लॅपटॉप उघडून बसलो. ऑफिसचं काही काम नव्हतं, नुसताच बसलो. आणि आता जे लिहितोय तेच लिहायला मी आठवडा घेतला.

माझ्या हाताखाली सात जण आहेत. म्हणजे होते, आता सहा. ऑगस्टमध्ये एकाने राजीनामा दिला. दोन वर्षं माझ्या टीममध्ये होता. काम नीट करायचा. कोड रिव्ह्यूला पाठवला की मी दोन मिनिटांत अ‍ॅप्रूव्ह करायचो, कारण त्यात फारसं काही निघायचंच नाही. माझा वेळ जायचा टीममधल्या एका अतिहुशार मुलीबरोबर, तिच्याशी डिझाइनवर वाद घालण्यात मजा यायची, आणि एका नवशिक्यामागे, जो दर आठवड्याला काहीतरी पाडून ठेवायचा. या मधल्या मुलाबरोबर दर महिन्याचा वन-ऑन-वन मी "काही विशेष नसेल तर पुढे ढकलू या" म्हणून ढकलत आणला. तो कधी नको म्हणाला नाही. जाताना मी त्याला विचारलं, पगाराचा प्रश्न आहे का? तो म्हणाला, "नाही सर. मी चांगलं काम करतोय की वाईट, हेच मला दोन वर्षांत कळलं नाही. विचारायला लाज वाटली."

त्या वेळी मी मनात म्हटलं होतं, एवढ्यासाठी कुणी नोकरी सोडतं का.

तर असा मी, तीन आठवडे कुणी माझ्याकडे बघितलं नाही म्हणून गावभर बोंबलत होतो.

इथे तुम्हाला पुण्याची एक गोष्ट सांगायचा मोह होतोय, व्यायामाच्या क्लासचा विषय निघालाच आहे म्हणून. बी. के. एस. अय्यंगार हे नाव तुम्ही ऐकलंच असेल. जन्म १९१८ चा, कर्नाटकातल्या बेळ्ळूरचा. लहानपण मलेरिया, टायफॉइड, क्षय यांत गेलं. १९३४ साली ते म्हैसूरला बहिणीच्या घरी गेले. बहिणीचे यजमान म्हणजे टी. कृष्णम्माचार्य, म्हैसूरच्या राजवाड्यात योगशाळा चालवणारे मोठे आचार्य. पण हा काडीसारखा, खोकणारा मेहुणा काही करू शकेल असं आचार्यांना वाटलं नाही. घरकाम करायचं आणि दुसऱ्यांना शिकवलेलं बघायचं, असं बराच काळ चाललं. त्यांचा लाडका शिष्य केशवमूर्ती. एका मोठ्या प्रात्यक्षिकाच्या थोडं आधी हा केशवमूर्ती घर सोडून निघून गेला, परत आलाच नाही. आणि तेव्हा कुठे आचार्यांची नजर या मेहुण्याकडे वळली. त्यानंतरही शिकवलं ते मोजके दिवस आणि कठोरपणे. अय्यंगारांनी हे सगळं स्वतः पुढे सांगितलेलं आहे, आणि त्यात गुरूबद्दलचा आदर आणि तक्रार दोन्ही आहे. ते मला फार प्रामाणिक वाटतं.

१९३७ साली, वय अठरा, त्यांना पुण्याला पाठवलं. डेक्कन जिमखान्यावर शिकवायला, सहा महिन्यांसाठी. मराठी येत नाही, आणि समोरचे विद्यार्थी यांच्यापेक्षा धडधाकट. सहा महिन्यांचं आयुष्यभर झालं. पट्टे, लाकडी ठोकळे, दोऱ्या, खुर्च्या घेऊन आसनं करायची त्यांची पद्धत आता जगभर पोचलीय. ज्याचा हात पायापर्यंत पोचत नाही त्याला पट्टा, ज्याला उभं राहवत नाही त्याला भिंत. एकाच वर्गात जवान आणि म्हातारा, प्रत्येकाला त्याच्या शरीराप्रमाणे. १९७५ साली पुण्यात संस्था उभी राहिली, तिला पत्नी रमामणींचं नाव दिलं. २०१४ मध्ये ते गेले. आता कुणी म्हणेल, दुर्लक्ष झालं म्हणून मोठे झाले. मला तसं म्हणायचं नाही. दुर्लक्षाने किती केशवमूर्ती आणि किती अय्यंगार निघून गेले याचा हिशेब कुठे आहे? आणि पुण्यात त्यांच्या हाताच्या थपडाही प्रसिद्ध होत्या, म्हणजे म्हैसूरचं सगळंच काही मागे राहिलं नव्हतं. मला त्यांचा पट्टा आणि ठोकळा आवडतो, एवढंच. मला वाटतं, कोपऱ्यात उभं राहून बघणाऱ्या पोरालाच ते सुचू शकतं.

आपल्या गावातही हे काही नवीन नाही. स्वामी अक्कलकोटात सुमारे दोन दशकं होते, १८७८ साली देह ठेवेपर्यंत. त्या काळात किती लोक आले आणि वडाखाली नुसते बसून राहिले. बाळप्पा चांगलं चाललेलं घर आणि व्यवहार सोडून आले. इथे आल्यावर काय? सेवेकऱ्यांचा गराडा आधीच पडलेला, सुंदराबाईंचा कारभार कडक, आणि नव्या माणसाच्या वाट्याला उरलीसुरली कामं. चरित्र वाचलं की कळतं, बाळप्पांना त्या जाचाचा त्रास झाला, मन उद्विग्नही झालं. ते काही पहिल्या दिवसापासून दगड झाले नव्हते. आज गुरुमंदिरात गेलं की आपण पादुकांना नमस्कार करतो आणि बाहेर पडतो. मी पण तेच करायचो. परवा गेलो तेव्हा जरा वेळ बसलो.

आणि बसल्या बसल्या एक शब्द डोक्यात आला. स्वामींचं जे वाक्य गावातल्या प्रत्येक रिक्षावर, प्रत्येक गाडीच्या काचेवर आहे, त्यात शब्द "पाठीशी" असा आहे. समोर नाही. मी क्लासमध्ये सगळा वेळ समोर बघत होतो, कोण माझ्याकडे बघतंय म्हणून. पाठीशी जो असतो तो आपल्याला दिसायचाच नाही. आता याचा अर्थ माझ्या क्लासच्या सरांनी माझ्याकडे बघायला नको असा कृपया काढू नका. कमरेची कळ खरी होती.

म्हणून सोमवारी क्लासला गेलो. पंधरा मिनिटं आधी. सर सतरंज्या अंथरत होते, मी दुसरं टोक धरलं. म्हटलं, सर, मी तीन आठवडे आलो, मग सोडलं. पुढे वाकताना कंबर धरली होती. तुमचं लक्ष नव्हतं. वाईट वाटलं.

एवढं सरळ बोलायला मला चौतीस वर्षं लागली म्हणायला हरकत नाही.

सरांनी सतरंजी खाली ठेवली. "मला वाटलं तुमचं बरं चाललंय." अण्णांचंच वाक्य, शब्दन् शब्द! मग म्हणाले, "तुम्ही पुण्याचे, तिकडं जिम-बिम केली असेल असं धरून चाललो. आणि खरं सांगू का, तुम्ही बसलेलं बघितलं होतं मी. दमले असतील म्हटलं. विचारायला पाहिजे होतं."

मी घरी हिशेब केला होता. तासातली पंधरा मिनिटं प्रार्थना आणि शवासनात जातात. उरली ४५, माणसं ३२. प्रत्येकाच्या वाट्याला ८४ सेकंद. तेही सरांनी श्वास न घेता वाटली तर. हे मी त्यांना सांगितलं तेव्हा ते हसले, म्हणाले, "मग तुमची ८४ सेकंदं आत्ता घ्या." मला वाकायला लावलं. मागे उभे राहिले, कमरेवर तळहात ठेवला. "पाठ गोल करताय. गुडघे सोडा जरा. हं. आता नितंबातून वाका, मान लोंबू द्या." गुडघे किंचित वाकवल्यावर ती कळ आलीच नाही. एवढीच गोष्ट होती. महिनाभर मी ती मनात कुठल्या कुठे नेऊन ठेवली होती.

त्या दिवशीही क्लासमध्ये ते पुढच्या पोरांकडेच जास्त होते. भरती जवळ आलीय, पोरांचं आयुष्य त्यावर आहे, माझी तर नुसती कंबर. पण जाता-येता दोनदा चौथ्या रांगेमागून गेले. एकदा माझ्या शेजारच्या काकांना "खांदे" एवढंच म्हणाले. काकांचा चेहरा बघायला पाहिजे होता तुम्ही.

ऑफिसात मी एक बदल केला. रिव्ह्यू उघडताना क्रम उलटा लावला, ज्याच्या कोडमध्ये काही निघत नाही त्याचा आधी. पहिल्या दिवशी एकाला "हे फंक्शन छान लिहिलंय, कारण अमुक" असं दोन ओळींत कळवलं, तर त्याचा लगेच मेसेज, सर काही चुकलंय का? म्हणजे माझी ख्याती काय आहे ते बघा.

आणि तो जो ऑगस्टमध्ये गेला, त्याचा नंबर माझ्याकडे आहे. परवा गुरुमंदिरातून घरी येताना त्याला मेसेज लिहिला. तीनदा पुसला. आधी फार लांब झाला होता, माझ्याच मोठेपणाचा वास येत होता. शेवटी एवढंच पाठवलं की तुझं काम चांगलं होतं, मी ते तेव्हा सांगायला हवं होतं, चूक माझी. दोन निळ्या खुणा आल्या आहेत. उत्तर अजून आलेलं नाही.

उद्यापासून नेहमीचा क्रम. अध्याय १७, भिलवडी आणि भुवनेश्वरी.

॥ श्री गुरुदेव दत्त ॥